आजी गातेय, गुरुजी!

पडद्यावर 'जोडले गेले' अशी अक्षरं उमटली की मुक्त सॉफ्टवेअरच्या आचार्यांचं कर्तव्य संपतं. आता मोलगी गावात एखाद्या आजीचं भिली गाणं ब्लूटूथ हेडसेटच्या माइकवरून लिनक्सच्या डेस्कटॉपवर घेऊन दाखवा! माइक सुरू झाला रे झाला की कानातला स्वच्छ स्टिरिओ गायब, उरतो विहिरीतून आल्यासारखा घोगरा आवाज. आचार्यांकडे जा, मंत्र ठरलेला: टर्मिनल उघडा, लॉग दाखवा. अहो, आजी गातेय, गुरुजी! तिला थांबवून कमांड टंकायची?

कारण मुळीच गहन नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगला आवाज एटूडीपी प्रोफाइलमधून येतो, पण तो रस्ता एकाच दिशेचा. माइक हवा असेल तर फोनवर बोलण्यासाठी केलेलं हँड्सफ्री प्रोफाइल. त्यातल्या जुन्या सीव्हीएसडी पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं जातं. 'स'चा बराचसा सळसळाट नेमका तिथेच असतो! एमएसबीसी पद्धत नमुने दुप्पट करते, पण ती हेडसेट आणि संगणक दोघांनाही यावी लागते. आजीचं गाणं पुन्हा मिळेलच असं नाही. ते असं बोथट करून जपायचं?

आचार्य म्हणतात, विंडोजवरही असंच होतं. होतं ना! मग तुमच्याकडे यायचं कशाला? संगणकाचा ताबा वापरणाऱ्याच्या हाती हवा, हे तुमचंच प्रवचन. तो ताबा मागणारा मात्र अडाणी. वा रे ऋषिमुनी!

राबणाऱ्यांवर माझा राग नाही. विम टायमन्स यांनी पाइपवायर घडवलं, २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स वितरणाने आवाजाचा कारभार त्याच्याकडे सोपवला आणि ब्लूटूथची कटकट खरोखर कमी झाली. ही माणसं कोड लिहितात. आचार्य त्यांच्या जिवावर मिरवतात आणि नवख्याला हाकलतात.

मागणी एवढीच: माइक सुरू होताना डेस्कटॉपने मराठीत एक ओळ दाखवावी, 'आवाजाचा दर्जा उतरला आहे, वायरचा माइक लावा.' दर्जा उतरल्याचं संगणकाला ठाऊक असतं, प्रोफाइल त्यानेच बदललेलं असतं. तोवर रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा यूएसबी माइक लावा, आवाजाच्या सेटिंगमध्ये इनपुटला तोच निवडा आणि हेडसेट एटूडीपीवरच राहू द्या.