जाहीर आवाहन : गद्धेपंचविशीत पट्टा सोडू नका

शहरातील सर्व श्वानपालक, त्यांचे शेजारी आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांना उद्देशून.

दिवाळीच्या सुट्टीत हौसेने घरी आणलेली पिल्लं आषाढ लागेपर्यंत नऊ-दहा महिन्यांची होतात. कडेवर मावणाऱ्या लॅब्रॅडोरचं एव्हाना पंचवीस किलोंचं धूड झालेलं असतं. हाक मारली की धावत येणारा तो आता ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पाहुण्यांच्या अंगावर झेपावतो, सोफ्याचा कोपरा कुरतडतो, जिन्यात पावलं वाजली की भुंकून मजला डोक्यावर घेतो. नेमका याच सुमारास पाऊस सुरू होतो. फिरणं पार्किंगमधल्या दोन फेऱ्यांवर येतं आणि अंगातली रग घरातच निघू लागते. मग ‘गावाकडे शेतावर पाठवून देऊ’, ‘कुणाला हवा तर घेऊन जा’ अशी बोलणी सुरू होतात. काही जण तर रात्री गाडीत घालून त्याला हमरस्त्याच्या कडेला सोडून येतात. त्या टोकाला जाण्याआधी आमचं म्हणणं ऐकावं, एवढ्यासाठी हे आवाहन.

कुत्रा साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत वयात येत असतो. लहान चणीच्या जाती लवकर मार्गी लागतात, मोठ्या जातींना वेळ लागतो. शरीर आधी वाढतं, स्वतःला आवरणं मागाहून जमतं. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांचा याच अंगाने अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती! वर्षाची होईपर्यंत त्यांच्या पालकांनाही सुधारणा दिसू लागली. म्हणजे शिकवलेलं ती विसरलेली नव्हती. ‘हा मुद्दाम करतो, आमचा सूड घेतो’ हा समज आधी मनातून काढून टाका. शिंगं फुटण्याचं हे वय सरतं. मात्र त्या काळात आपण कसे वागतो, यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

श्वानपालकांना आमची विनंती अशी :

१. आधी पशुवैद्यकांकडे जा. शांत कुत्रा अचानक चिडचिडा झाला, हात लावू देईना, तर दुखणं असू शकतं. कानातला संसर्ग, गोचिडांमुळे येणारा ताप, लॅब्रॅडोर व जर्मन शेफर्ड यांच्यात आढळणारा खुब्याच्या सांध्याचा दोष, ही कारणं तपासल्याशिवाय कळत नाहीत. नसबंदी कोणत्या वयात करावी, हेही तिथेच विचारा. तिच्यामुळे भटकण्याची ओढ आणि जागोजागी मुतणं कमी होऊ शकतं. पण भीतीपोटी भुंकणं किंवा माणसांवर उड्या मारणं ही शिकवणुकीची कामं आहेत, शस्त्रक्रियेची नाहीत.

२. मार बंद करा. गुंडाळलेलं वर्तमानपत्र, शू केलेल्या जागी नाक घासणं, विजेचा झटका देणारा पट्टा, यातून कुत्रा फक्त तुमच्या हाताला घाबरायला शिकतो. गुरगुरणं तर मुळीच दडपू नका. तो इशारा असतो. गुरगुरल्याबद्दल चोपलेला कुत्रा इशारा देणं सोडतो, चावणं सोडत नाही. तोंडात धरलेली चप्पल हिसकावण्याऐवजी पनीरचा तुकडा किंवा उकडलेलं चिकन पुढे करून अदलाबदल करा.

३. डोक्याला काम द्या. भर पावसात तासभर हिंडवणं जमणार नाही, हे मान्य. पण जेवणाची वाटी समोर सरकवण्याऐवजी त्यातले दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, खोलीभर लपवा, त्याला हुंगत शोधू द्या. उसंत मिळाली की बाहेर न्या आणि ओढत पुढे नेण्यापेक्षा चार ठिकाणी वास घेऊ द्या. कुरतडायला त्याच्या हक्काची वस्तू हाताशी ठेवा. दिवसभर साखळीला बांधणं हा उपाय नव्हे. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवण्यात हयगय करणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार मालकाचा गुन्हा आहे.

४. घरात सगळ्यांचा नियम एकच असू द्या. आईने ‘खाली’ म्हणायचं, दादाने लाडाने छातीवर घ्यायचं आणि आजोबांनी ताटातला घास द्यायचा, तर त्याने ऐकायचं कुणाचं? उडी मारली की पाठ फिरवा; चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक करा, खाऊ द्या. फिरताना त्याने ओढलं की थांबा, पट्टा सैल झाला की चाला. पहिले काही दिवस कंटाळवाणे जातील, पण धीर सोडू नका.

५. एकटं राहणं टप्प्याटप्प्याने शिकवा. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. दिवसभर घरी असलेला माणूस एका सोमवारी अचानक दहा तासांसाठी ऑफिसला गेला, तर कुत्रा दार ओरबाडणारच.

शेजाऱ्यांशीही आपली काही बांधिलकी आहे. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाच्या कामाचं नसतं. लिफ्टमध्ये, जिन्यात, आवारात पट्टा हातात हवाच. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. आधी कुणाला चावलेला असेल, तर धाप टाकता येईल असं जाळीचं मुसकं वापरा. शी उचला. रेबीजची लस वेळच्या वेळी द्या आणि महापालिकेचा परवाना काढा. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

शेजारी आणि पदाधिकारी यांना विनंती एवढीच की, ‘कुत्रा काढा’ या नोटिशीऐवजी पट्टा, लस, स्वच्छता आणि रात्रीची शांतता यांबाबत ठाम आग्रह धरा. तो आमच्या भल्याचाच आहे. मुलांना सांगा, कुत्रा दिसला की किंचाळत पळू नका. विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि रस्त्यावर सोडण्याबद्दल स्पष्ट सांगतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला ना रहदारी कळते, ना त्या हद्दीतल्या टोळीशी जमवून घेता येतं. उपाशी, तहानलेला तडफडेल अशा स्थितीत त्याला टाकून देणं हाही वर सांगितलेल्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड पन्नास रुपयांपर्यंतच आहे, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. सांभाळणं खरोखरच अशक्य झालं असेल, तर नवं घर शोधा आणि तिथे त्याची खोड लपवू नका. चावला असेल तर तसं सांगा; नव्या घरातल्या लहान मुलाची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.

शेवटी, ज्यांनी असा दांडगा कुत्रा सांभाळून मार्गी लावला आहे, अशा अनुभवी पालकांना साद घालतो. आपल्या इमारतीत कुणी या दिवसांतून जात असेल तर रविवारी तासभर त्यांच्या घरी जा. पट्टा कसा धरायचा, बक्षीस नेमकं केव्हा द्यायचं, हे प्रत्यक्ष करून दाखवा. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला तेवढ्या आधाराची फार गरज असते.

आपले,
शहरातील काही श्वानपालक व पशुवैद्यक