पोचलो की निघालो?

दरवर्षी या पानावर आपण एखादा शब्द उलगडून पाहतो. यंदाचा शब्द मुळातच घडीचा आहे.

लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे. फ्रेंचमध्ये त्याचे 'प्लिये' झाले, अर्थ तोच राहिला. स्पॅनिशमध्ये मात्र 'येगार' आणि पोर्तुगीजमध्ये 'शेगार' होऊन अर्थ झाला पोचणे. आता गंमत पाहा, रोमेनियनमध्ये त्याच घराण्यातल्या 'प्लेका'चा अर्थ आहे निघणे!

याची एक गोष्ट सांगतात. खलाशी बंदर आले की शिडांची घडी घालत, म्हणून घडी म्हणजे पोचणे. उलट फौजा तळ हलवताना तंबूंची घडी घालत, म्हणून रोमेनियात घडी म्हणजे निघणे. तंबूची बाजू मला चटकन पटते. आपणही 'गाशा गुंडाळतो'च की! शिडांची मात्र सगळ्यांना पटत नाही. लॅटिनमध्ये 'आप्लिकारे' हे क्रियापद नाव किनाऱ्याला लावण्यासाठीही वापरत, 'येगार' त्यातून आला असे काही अभ्यासक म्हणतात. मला हेच खरे वाटते. आपल्याकडेही बोट धक्क्याला 'लागते'. फ्रेंच 'आरिव्हे'मध्येही लॅटिन 'रीपा', म्हणजे काठ, दडलेला आहे आणि इंग्रजी 'अराइव्ह' तिथूनच आले. म्हणजे विमानतळावर 'अरायव्हल्स'च्या पाटीखाली बॅगा ओढत आपण काठालाच लागलेलो असतो.

जाता जाता: लॅटिनचा 'प्ल' जसा स्पॅनिशमध्ये 'य' झाला, तसाच 'क्ल'ही. लॅटिन 'क्लाव्हिस' म्हणजे किल्ली, तिची स्पॅनिशमध्ये 'याबे' झाली. पोर्तुगीजमध्ये आज 'श' ऐकू येतो, पण ते आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तिथे 'च' म्हणत. तीच आपली चावी.

निघताना 'येते' म्हणणाऱ्या आपल्याला 'प्लेका'चे नवल वाटायला नको. माझी लेक इथल्या शाळेत स्पॅनिश शिकते. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघताना ती आजीला म्हणाली, "आजी, जाते गं." आईने तिला पायरीवरून परत बोलावले. "जाते नाही म्हणायचं, बाळा. येते म्हण."

गाडीत तिचा प्रश्न तयार होता. "आपण तर चाललोय, मग येते कसं?" मी तिला 'येगार' आणि 'प्लेका'ची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पण आपण पुन्हा कधी येणार?"

दोन वर्षांनी. आईलाही ते ठाऊक होते, तरी तिने 'येते' वदवून घेतलेच.