थ्रेड : ठसे पुसणारा जीर्णोद्धार

१/८
सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत. ते शिवछत्रपतींचे, अशी परंपरा आहे. म्हणून त्यांवर घुमट्या उभारून ते जपले गेले. चुना जुनाट दिसतो म्हणून कोणी त्यांवर नवा गिलावा चढवला, तर इतिहासप्रेमी त्याला क्षमा करतील काय? मग मालवणातल्या एखाद्या खळ्यात आजोबांच्या मोटारसायकलीचे इंजिन खोलून त्यावर चंदेरी रंग फवारला जातो, तेव्हा त्याच कृतीला ‘जीर्णोद्धार’ का म्हणावे?

२/८
हे इंजिन क्षुल्लक नाही. १९२९ साली यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून ‘जावा’ जन्मली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती भारतात घडवली. पुढे तीच ‘येझदी’ झाली. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. २०१८ साली जावा हे नाव परतले, परंतु चार-स्ट्रोक इंजिनासह. जुने दोन-स्ट्रोक इंजिन आता कारखान्यातून येणार नाही.

३/८
त्या इंजिनावर बरेच काही लिहिलेले असते : ठोकलेला क्रमांक, आवरणावरील नाममुद्रा, सुटे भाग दुर्मीळ असताना कारागिराने मारलेले वेल्डिंग. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; त्यापूर्वी मालवण तालुका रत्नागिरीत होता. त्या काळी इथे नोंदलेल्या गाडीचे जुने नोंदणीपुस्तक या बदलाचा पुरावा आहे. ते पुस्तक आणि हे इंजिन यांना जोडणारा दुवा एकच : इंजिन क्रमांक.

४/८
यावर उत्तर ठरलेले : ‘इथली खारी हवा लोखंड खाते, रंग हवाच.’ यात तथ्य आहे. मिठाने बीड गंजते. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि खाली बारीक खड्डे पडतात. संरक्षण हवे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो संरक्षणाच्या नावाखाली होणाऱ्या खाडाखोडीशी.

५/८
कॉस्टिक सोडा मळाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही विरघळवतो. वाळूचा मारा ओतकामाचा मूळ पोत घालवतो आणि त्याचे कण तेलमार्गांत अडकून बेअरिंग खातात. जास्त बफिंग केले की क्रमांक आणि नाममुद्रा पुसट होतात. वर विनोद असा की जावाच्या इंजिनाची बाजूची आवरणे मुळात रंगवलेली नव्हती. ती घासून चकचकीत केलेली होती. म्हणजे ‘मूळ रूप’ म्हणून चढवलेला चंदेरी थर हेच असत्य.

६/८
हे इंजिन वाऱ्यावर थंड होते. त्याच्या पात्यांवर रंगाचे जाड थर चढले की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. शोभेसाठी केलेला उपाय यंत्राच्याच मुळावर येतो.

७/८
मग करावे काय? हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक टिपून नोंदणीपुस्तकाशी ताडावा. सर्व तोंडे बंद करून रॉकेल, मऊ ब्रश आणि लाकडी पट्टीने मळ काढावा. गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. रंग केवळ गंज काढलेल्या बिडावर, उष्णतारोधक आणि पातळ. अ‍ॅल्युमिनियमला तेलाचा हलका हात वरचेवर पुरे. क्रमांकाची जागा झाकून ठेवावी. काय काढले, काय बदलले, हे वहीत लिहावे.

८/८
जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, हे तत्त्व १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी मांडले. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा समाजमाध्यमांवर जल्लोष झाला. गडावर चुन्याच्या जागी सिमेंट दिसताच आवाज उठवणाऱ्यांनी स्वतःच्या पडवीतही तोच नियम पाळावा. आजोबांच्या हातचा ओरखडा बफिंगच्या चाकाखाली एकदा गेला, की तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

(समाप्त)