महालातील मेणबत्त्या

उदयपूरच्या पिछोला तलावाकाठच्या महालांतून धनिकांची जी लग्ने लागतात, त्यांत झगमगाटाऐवजी आता अंधारालाही भाव आला आहे. विजेचे दिवे मंद करावयाचे, शेकडो मेणबत्त्या लावावयाच्या, गडद तांबड्या, जांभळ्या मखमलीचे पडदे सोडावयाचे, आणि त्या धूसर प्रकाशात वधूवरांनी जुन्या प्रणयकथेतील राजपुत्र-राजकन्या व्हावयाचे, असा हा थाट. ही भावमधुर उदासी बेतून देणारे व्यावसायिकही आहेत.

सौंदर्याची ओढ हा गुन्हा नव्हे, आणि तरुण जोडप्यांच्या हौसेवर नाके मुरडणे हे कम्युनिस्टांचे काम नव्हे. समईचा उजेड मराठी घरालाही परका नाही. प्रश्न आहे तो विकत घेतलेल्या भूतकाळाचा. पिछोल्यातील जगनिवास महालाचे 1963 साली हॉटेल झाले; 1971 साली संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. राजे गेले, त्यांचे दिवाणखाने मात्र भांडवलदारांनी आपल्या मंगलकार्यांसाठी भाड्याने घेतले. सरंजामशाहीशी या वर्गाने केलेल्या तडजोडीचे इतके बोलके चित्र क्वचितच सापडेल.

याच मेवाड संस्थानातील बिजोलिया जहागिरीत 1903 साली जहागीरदाराने शेतकऱ्यांच्या मुलींच्या लग्नांवर ‘चंवरी’ नावाचा कर बसविला. आधीच नाना पट्ट्यांच्या आणि वेठबिगारीच्या ओझ्याखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी मुलींची लग्नेच लावण्याचे नाकारले. उपवर मुली घरात ठेवून जहागिरीशी झुंजणे त्या काळात किती कठीण असेल, याची कल्पना करावी. अखेर कर मागे घ्यावा लागला. पुढे विजयसिंह पथिकांच्या नेतृत्वाखाली बिजोलियाचा लढा देशभर गाजला. पथिकांचे ‘राजस्थान केसरी’ 1920 साली निघाले ते वर्ध्याहून, हे आज फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असते. महालाच्या सजावटीत या इतिहासाला अर्थातच जागा नाही.

मेणबत्तीच्या उजेडाची आणखी एक सोय आहे. त्यात पाहुण्यांचे चेहरे उजळतात, मागे उभा असलेला वाढपी दिसत नाही. रातोरात फुलांच्या माळा ओवणारे, शिडीवर चढून मखमल ताणणारे, पहाटे फरशीवरचे मेण खरवडणारे हे बहुधा हंगामी मजूर. लग्नसराई संपली की काम संपले. ठेकेदाराच्या वहीत नाव नसेल, तर शिडीवरून पडल्यावर भरपाई कोणाकडे मागावी हेही त्यांना कळत नाही.

महालातील हे चित्र मोबाइलवरून तालुक्याच्या मंगल कार्यालयापर्यंत पोहोचते. तेथे मखमलीच्या जागी सॅटीन येते आणि धनिकाच्या शिलकीच्या जागी वधूपित्याचे कर्ज. हुंडा 1961 च्या कायद्याने बंद झाला. ‘मुलाकडच्यांना शोभेल असे लग्न’ या नावाने तो राजरोस वसूल होतो.

आणि ज्यांचे प्रेम खरोखर कसोटीला लागते त्यांचे काय? धर्माबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याला 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आगाऊ नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लावली जाते आणि हरकतींसाठी तीस दिवस ठेवले जातात. नावे-पत्ते टिपून घेणारी टोळकी त्या फलकाकडे डोळे लावून असतात. या तीस दिवसांत त्या दोघांना आसरा कोण देईल, कचेरीत सोबत कोण जाईल, साक्षीदार म्हणून सही कोण करील, याची यादी प्रत्येक जिल्हा समितीजवळ तयार असली पाहिजे.