जुना पिकअप विकताना
या आठवड्यात अमेरिकेतल्या एका १९७० च्या शेव्हरोले सी-१० पिकअपची जाहिरात पाहिली आणि, गाड्यांचं वेड असल्याने, तासभर तिथेच रेंगाळलो. बाहेरून तीच जुनी, रुंद जाळीची गाडी. बॉनेटखाली मात्र कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शनचं ५.३ लिटरचं व्ही-८ आणि जोडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काही शौकिनांच्या मते अशाने गाडी बाटते. मला ते मुळीच पटत नाही. हा ट्रक राबण्यासाठीच घडवलेला; कडाक्याच्या थंडीत तो एका चावीत सुरू झाला, तर त्यात त्याचा कसला अपमान? माझं बिनसलं ते फोटोंवरून. रंगाची चकाकी सगळीकडून टिपलेली, आणि एका कोपऱ्यात डॅशबोर्डखाली काळ्या टेपने गुंडाळलेला वायरींचा गुंता. ब्रेकविषयी अवाक्षर नाही! सी-१० ला पुढचे डिस्क ब्रेक सरसकट मिळू लागले ते १९७१ पासून. त्याआधी चारही चाकांना ड्रमच. ताकद नवी आणि ब्रेक तेच असतील, तर अशी गाडी विकायलाच काढू नये. इंजिन कुठल्या गाडीतलं, वायरिंग कोणी केलं, याच्या पावत्या आधी दाखवाव्यात. आणि काढलेलं मूळ इंजिन भंगारात न घालता गाडीसोबतच द्यावं. ते परत बसवायचं की नाही, हे नव्या मालकाला ठरवू द्या.