उंचीची पाठशुद्धी

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षेच्या कामासाठी आम्ही दोघे नांदेडहून लातूरकडे निघालो होतो. चाकूरच्या अलीकडे राष्ट्रीय महामार्ग 361 सोडून चहासाठी एका गावच्या रस्त्याला लागलो. तिथे शाळेसमोरच्या गतिरोधकापाशी एक लाल, बसकी, दोन आसनांची उघडी गाडी अडून राहिली होती. गोव्यात पूर्वी तयार होणारी, फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्म असावी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली, रेनोचे 1149 सीसीचे इंजिन घेऊन. आता ती निघत नाही. मालकाने ती मुळापेक्षाही खाली घेतल्यासारखी दिसत होती. गाडी पुढे सरके, पोटाशी करकर वाजे, पुन्हा मागे येई. टपरीवरची माणसे हसली. आमच्या जीपमधले सगळे हसले. आम्हीही हसलो.

या हसण्याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. 'मराठवाड्यात ही गाडी?' हा त्यातला भाव आम्हांला साहित्याच्या वर्गातून चांगला परिचित आहे. सुनीत मराठीत कशाला, मुक्तछंद कशाला, असे विचारणारा जो सूर असतो, तोच हा. जागेला न शोभणारे रूप दिसले की आपण आधी हसतो आणि मग त्या हसण्याला तत्त्वज्ञान जोडतो. असो.

मराठीत 'उंची' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. उंची म्हणजे उंचपणा, आणि उंची म्हणजे भारी, मोलाचे: उंची वस्त्र, उंची अत्तर. त्यामुळे उंची गाडीची उंची कमी करणे हे मराठी कानाला आधीच विसंगत वाटते. ज्याला पैसा आहे त्याने वर बसावे, रस्ता खाली कुठेतरी असावा, ही आपली आजची समजूत. सरकारनेही तिला आकड्याचे रूप दिले. 2013 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एसयूव्हीवर जादा उत्पादन शुल्क लावताना लांबी आणि इंजिन यांच्या जोडीला 170 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांतले अंतर, हीदेखील कसोटी धरली गेली.

मग जुन्या स्पोर्ट्स कारची उंची कमी करण्यात हौसेपलीकडे काही असते काय? असते, असे आमचे मत आहे, आणि त्यासाठी एका इंग्रजी गाडीचा इतिहास सांगणे भाग आहे. एमजीबी ही दोन आसनी गाडी 1962 ते 1980 या काळात निघाली. 1974 च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंपरविषयक नियमांची पूर्तता करण्यासाठी कंपनीने तिला काळे रबरी बंपर लावले आणि सबंध गाडी इंच-दीड इंच वर उचलली. नियम अमेरिकेचा, पण इंग्लंडात विकल्या जाणाऱ्या गाड्याही उचलल्या गेल्या. इंचाने काय होते, असे कोणी म्हणेल. वळणावर आतल्या चाकांवरचे जे वजन बाहेरच्या चाकांवर जाते, ते गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असते. एमजीबी वळणावर कलू लागली, तिचा तोल बिघडला. 1976 साली कंपनीनेच पुढे-मागे कल रोखणारे दांडे बसवून थोडी सावरासावर केली. उंची मात्र तशीच राहिली.

तेव्हापासून तिचे मालक ती उंची उतरवीत आले आहेत. मागच्या बाजूस तिला आपल्या ट्रकसारखे कमानपाटे आहेत. त्यांची कमान कमी करायची, किंवा पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. पुढे आखूड स्प्रिंगा. हे काम नांदेड-लातूरच्या पाटेवाल्याला परके नाही. त्याच्याकडे रोज उलटे गिऱ्हाईक येते: जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवून घेणारे, कमान चढवून घेणारे. भट्टी तीच, हातोडा तोच. फक्त कमान उतरवायची.

मराठीच्या अध्यापकांना इथे पैठण आठवल्याशिवाय राहत नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. मध्ये गेलेल्या तीनशे वर्षांत लेखकुंच्या हातून जे मिसळले होते ते काढले, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. 1974 नंतरची एमजीबी खाली घेणारा मनुष्य आपल्या तुटपुंज्या क्षेत्रात तेच करतो. नियमाने घुसडलेला दीड इंच तो काढून टाकतो. (तुलना धाडसाची आहे हे आम्ही जाणतो. वारकरी मंडळींनी राग मानू नये.)

पण पाठशुद्धी आणि काटछाट यांत फरक आहे, आणि आमच्या गावांतली पोरे बहुधा काटछाट करतात. ग्राइंडरने स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापले की गाडी खाली येते, खर्च जवळजवळ शून्य. कापलेली स्प्रिंग आधीपेक्षा कडक होते, कारण कमी वेढे म्हणजे कमी लवचीकता. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. चाकांचा कल बदलतो, दिव्यांचा झोत खाली पडतो, आणि चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंगचे कापलेले टोक जागा सोडू शकते. एक शब्द बदलला की ओळीचा भार बदलतो हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती संपादन देऊ नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मज्जाव करतात. त्यामागची काळजी रास्त आहे. आमच्यातल्या पाठचिकित्सकाला मात्र प्रश्न पडतोच: कोणते मूळ? 1962 चे, की 1974 चे? दोन्हींवर उत्पादकाचाच शिक्का आहे.

आता रस्ता. इथे आमचे हसणे आमच्यावरच उलटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 99 क्रमांकाच्या 1988 च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. ताशी 25 किलोमीटर वेगाला तो सुसह्य असतो. एमजीबीच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.31 मीटर अंतर आहे. शाळेतली भूमिती आठवून हिशेब केला, तर अशा गतिरोधकावर असताना गाडीच्या पोटाखालचे जेमतेम चार सेंटिमीटर अंतर खर्ची पडते. म्हणजे खाली घेतलेली एमजीबीदेखील प्रमाणशीर गतिरोधक न खरचटता ओलांडील. अडते ती अरुंद, उभ्या बांधासारख्या उंचवट्यावर, जो चाकांच्या मधोमध येतो आणि सगळाच्या सगळा पोटात घुसतो. आमच्या जिल्ह्यांत मुबलक आहेत ते हेच.

ते कोणी घातले? आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, हा प्रश्न गाडीच्या सौंदर्याहून मोठा आहे. रस्त्यावर लेकरू चिरडते, गाव रास्ता रोको करते, आणि त्याच संध्याकाळी मुरूम-डांबराचा ढीग रस्त्यावर आडवा पडतो. त्या ढिगाला कोणतेही सूत्र माहीत नसते. तो शोकाने घातलेला असतो. त्याच्यासमोर लाल गाडीवाल्याने कुरकुर करणे अशोभनीय आहे. हे म्हणणे दुसऱ्याला मान्य आहे, पण पुरते नाही. कारण त्या ढिगावरून उंच एसयूव्ही फारसा वेग न उतरवता जाते. आपटतो तो रिक्षातला रोगी, सायकलवरचे पोर, दुचाकीवर मागे बसलेली पोटुशी बाई. ज्याच्यासाठी ढीग घातला त्याला तो अडवीत नाही. प्रमाणशीर गतिरोधकाने मात्र लेकरूही वाचते आणि रिक्षाही. ज्या सार्वजनिक बांधकाम खात्याने तो दुसऱ्याच दिवशी घालायला हवा, त्याच्यावर दबाव आणण्याची ज्यांची पोच आहे, ते सगळे 170 मिलिमीटरच्या वर जाऊन बसले आहेत. त्यांना तो ढीग जाणवतही नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो, हे खरे. ती सबब ढिगाला लागू नाही.

म्हणून जुनी स्पोर्ट्स कार जाणतेपणाने खाली घेणाऱ्याला आम्ही आता हसत नाही. त्या बैठकीवरून रस्त्याचा प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ कळतो. आमच्या वर्गांत मूळ कविता न उघडता गाईडवरून परीक्षा ओलांडणारी मुले आहेत, आणि त्यांना तशी ओलांडू देणारे आम्हीही आहोत. उंच गाडीविषयी आम्ही अधिक बोलू नये हेच बरे.

त्या दिवशीची गोष्ट राहिलीच. टपरीवरचा एक म्हातारा शेवटी उठला, लाल गाडीपुढे उकिडवा बसला, मान जमिनीला टेकवून पोटाखालून आरपार पाहिले आणि हाताने खूण केली. 'तिरपी घ्या, तिरपी. एक एक चाक चढू द्या.' चालकाने गाडी तिरपी केली. एक चाक चढले, मग दुसरे. म्हातारा तसाच वाकून, गाडीबरोबर मागे सरकत राहिला: 'यिऊ द्या... यिऊ द्या...'