दाराला रंग, कारकुनाला कुलूप

साहेब म्हणतात, शाखेतल्या लिनक्सवर आता चित्राचं दार येणार. कारकुनाने काही शिकायला नको! वा! एक्सडीएम नावाचं असं दार १९८८ सालीच निघालं. ते विचारतं काय? नाव आणि पासवर्ड. काळा पडदाही तेच विचारी. फक्त मागे डोंगर नसे. बरं, हे दार आपोआप उघडावं म्हणून 'सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट' हा मंत्र लिहायचा तो काळ्याच पडद्यावर! दार अडकलं, की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून शरण जायचं तेही त्यालाच. तोवर तुर्भ्याच्या बाजारातल्या माथाड्याने पगारासाठी रांगेत उभं राहून इंजिनिअरची वाट पाहायची? साहेब, दार खुशाल रंगवा; पण काळ्या पडद्याशी चार शब्द बोलायला कारकुनालाही शिकवा!